तिठ्यावरचा वाकलेला माणूस

बोंग ग्युचोल सरांनी उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवला, पण त्यांचा फोटो भर रस्त्यात लागला तो निवृत्तीनंतर. सोलगोगे वस्तीच्या चढावर तीन गल्ल्या जिथे मिळतात, त्या तिठ्यावरच्या विजेच्या खांबाला वॉर्ड ऑफिसने एक फलक बांधला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सदसद्विवेक टाकून देणाऱ्या या नागरिकास आम्ही शोधत आहोत.' खाली कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र होतं: पहाटेचा अंधुक उजेड, जमिनीवर वर्तमानपत्राच्या कागदात काहीतरी आणि त्यापुढे कमरेत वाकलेला एक म्हातारा. कायद्याचा मान राखून म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर चौकटींची जाळी ओढली होती. टोपीवर मात्र काहीच ओढलेलं नव्हतं. ती हिरवी टोपी मासान शहरातल्या निवृत्त शिक्षकांच्या डोंगरभ्रमण मंडळाची होती, आणि सोलगोगेत त्या मंडळाचा सभासद एकच होता.

आता लपवण्यात अर्थ नाही, तो म्हातारा बोंग सरच होते. पण हे तुम्हाआम्हाला कळलं तरी चालेल. सर स्वतः ते कबूल करायला तयार नव्हते, त्याला कारण होतं आणि ते पुढे येईलच.

मजा अशी की, हा कॅमेरा बसवावा म्हणून वस्तीचा अर्ज गेला तेव्हा त्यावर पहिली सही सरांचीच होती. कॅमेरा साधासुधा नव्हता, बोलका होता. खालून कोणी गेलं की गोड बायकी आवाजात तो सांगायचा, "आपलं चित्रीकरण सुरू आहे. बेकायदा कचरा टाकल्यास दंड होईल." मांजर गेलं तरी सांगायचा, पोस्टमन गेला तरी सांगायचा, आणि एकदा तर प्रेतयात्रेच्या गाडीलाही त्याने हे सुनावलं. रात्री या बाईमुळे कोणाचा डोळा लागेना, तेव्हा तिला रात्रभर गप्प बसवावं असा दुसरा अर्जही सरांनीच लिहिला, आवाजाच्या मोजमापाचा तक्ता जोडून. त्यामुळे त्या पहाटे बाई बोलली नाही. नुसती बघत राहिली.

गल्लीत सरांना तोंडावर कोणी काही म्हटलं नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. कोपऱ्यावरच्या दुकानदार छॉनबाईंनी अंड्यांबरोबर पालिकेच्या छापील, विकत घ्याव्या लागणाऱ्या कचरापिशव्यांचं एक पाकीट त्यांच्या हातात ठेवलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. पेन्शनीत कसं भागवावं लागतं ते आम्हालाही कळतं, असं त्या इतक्या मायेने म्हणाल्या की सरांना ते पाकीट परतही करता येईना. विरंगुळा केंद्रात एका आजोबांनी त्यांना बाजूला घेऊन, कोंबडीची हाडं ओल्या कचऱ्यात जात नाहीत, हे हळू आवाजात समजावलं. याच विषयावर याच खोलीत सरांनी वसंतात व्याख्यान दिलं होतं, तेव्हा हेच आजोबा पहिल्या रांगेत बसून घोरत होते.

सरांनी टोपी बदलली. निळी घेतली. मग वस्तीत बोलणं निघालं की सरांनी टोपी बदलली. बोडक्याने फिरून पाहिलं, तर लोक म्हणाले की आता टोपी लपवली. शेवटी हिरवीच घालून ते गुक न्हाव्याकडे केस कापायला गेले. गुकने मानेभोवती कापड बांधत आरशात पाहिलं.

"चेहरा झाकलाय ते फार बरं केलंय, सर," तो म्हणाला. "चेहरा दिसला असता तर कदाचित मी चुकलो असतो. नुसतं वाकणं बघून लगेच ओळखलं."

घरी मात्र प्रकरण कचऱ्याचं नव्हतंच. सरांच्या पत्नी होंगसुनबाईंनी फलक पाहिला, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि एकच वाक्य बोलल्या.

"त्या कागदात माझा मासा होता."

होंगसुनबाईंच्या पोटातली गाठ काढायची ठरली होती, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने किनाऱ्याकडच्या गावाहून एक सुका मासा पाठवला होता. अंगात देवी येणाऱ्या कुण्या बाईने तो मंत्रून दिलेला, अंगाभोवती पांढऱ्या दोऱ्याचे वेढे. संकट दारातच अडवायला तो चौकटीवर टांगायचा. होंगसुनबाईंनी टांगला. सरांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ज्याला स्वतःला जाळ्यातून सुटता आलं नाही, तो तुला काय सोडवणार?" होंगसुनबाई इस्पितळातून बऱ्या होऊन घरी आल्या तर चौकटीवर नुसता खिळा. विचारलं तेव्हा सर वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, वास येत होता.

 होंगसुनबाईंनी ते मनात ठेवलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांना आत नेत होते तेव्हाही या माणसाने हात धरला नव्हता, अशा शस्त्रक्रिया यशस्वी होण्याचं प्रमाण किती टक्के असतं ते सांगितलं होतं. आणि आपण आत टेबलावर पडलेल्या असताना याने आपला मासा फेकून दिला. तेव्हापासून त्या घरातलं सगळं नीट करत होत्या, फक्त सरांशी कामापुरतं बोलत होत्या. सरांना हे दिसत होतं, आणि आतल्या आत ते तीळ तीळ तुटत होते.

कारण खरी गोष्ट अगदीच निराळी होती. थोरल्या बहिणीचा निरोप असा होता की शस्त्रक्रियेच्या पहाटे तो मासा तिठ्यावर नेऊन ठेवायचा, तीन दंडवत घालायचे आणि मागे वळून न बघता घरी यायचं, म्हणजे बाईवरचं संकट मासा घेऊन जातो. होंगसुनबाई आदल्या दिवशीच इस्पितळात दाखल झाल्या, त्यामुळे हा उतारा टाकायचं राहून गेलं. निरोप सरांनी ऐकला होता, वर्तमानपत्राच्या आडून. आणि त्या पहाटे उठून, शाळेच्या फाटकावरून ज्योतिषाला हाकलून देणारा, 'पुरावा दाखवा' म्हणत पिढ्यान्‌पिढ्यांचे कान पिळणारा हा माणूस, कागदात मासा गुंडाळून तिठ्यावर गेला होता. आता हे कोणाला सांगायचं? कचरा टाकला म्हणणं त्यापेक्षा परवडलं असतं.

पण फलक तर निघायला हवा होता. सर वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीत ह्येरिम बसली होती, सरांचीच जुनी विद्यार्थिनी, वर्गात प्रयोगाची वही सर्वात स्वच्छ ठेवणारी. सरांनी खासगीपणाच्या हक्काविषयी बराच वेळ सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"चेहरा झाकलेला आहे सर, त्यामुळे कोणाचीच ओळख उघड झालेली नाही. तो माणूस तुम्ही आहात का?"

"नाही."

"मग तक्रार करायचा हक्क त्याला आहे, तुम्हाला नाही."

"समजा, मीच असेन."

"मग दंड लिहावा लागेल."

"मी फक्त समजा म्हटलं."

"अर्जात समजा लिहायला जागा नाही, सर," ह्येरिम खेदाने म्हणाली. "आणि पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

आपण शिकवलेलं कोणाच्या तरी लक्षात राहावं, ही प्रत्येक शिक्षकाची इच्छा असते. बोंग सरांची ती हौस त्या दिवशी पुरी फिटली.

हे सगळं गुकच्या कानावर गेलं आणि त्याच्या अंगात चैतन्य संचारलं. गुक तरुणपणी मोर्च्यात होता. पोलिसांपुढे पळताना त्याचा एक बूट गेला आणि उरलेला त्याने आजवर दुकानातल्या काचेच्या कपाटात जपून ठेवलाय. कोणी विचारलं नाही तरी तो त्याची गोष्ट सांगतो. आमच्या वेळी सरकारला एकेका माणसामागे एक माणूस लावावा लागायचा, आता एक खांब लावला की गल्ली आटोपते, असं त्याचं म्हणणं. त्याने सरांना सल्ला दिला की खिडकीत जाऊन भांडू नये, फोनवरून माहिती मागवावी, सरकारला लेखी उत्तर द्यावंच लागतं. सल्ला उत्तम होता. पण फोन सरांच्या अंगठ्याची ओळख मागत होता आणि सरांचा अंगठा खडूने झिजून गुळगुळीत झालेला. शेवटी करंगळीवर काम भागलं. वस्तीत कॅमेरे किती, ते बघतं कोण, चित्रं ठेवतात किती दिवस, आणि कुठल्या नियमाने, असे चार प्रश्न सरांनी परीक्षेच्या पेपरासारखे क्रमांक घालून पाठवले.

उत्तर आलं. चित्रं तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात, हे त्यात होतं, आणि ते वाचून सरांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे थोडे दिवस कळ काढली की आपला मासा आणि आपली अब्रू दोन्ही सुखरूप. इथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण त्याच कागदावर पुढे लिहिलं होतं की कॅमेऱ्यांच्या जागा सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाहीत, आणि सरांमधला शिक्षक उसळला. जी वस्तू खांबावर सर्वांच्या डोक्यावर लटकतेय ती गुपित कशी? मान वर करायची बंदी आहे का?

झालं. विरंगुळा केंद्रातल्या मंडळींना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलंच होतं. ती आता मान वर करून चालू लागली. ज्याला जिथे कॅमेरा दिसेल तिथे त्याने फोनमधल्या नकाशावर लाल टिंब द्यायचं, असं ठरलं. दोघांच्या माना आखडल्या, एक आजी मान वर करून चालताना छॉनबाईंच्या कोबीच्या ढिगात शिरल्या, आणि तीन लाल टिंबं पुढे पाखरांची घरटी निघाली. एक कॅमेरा नुसताच डबा होता, आत काही नाही. तो छॉनबाईंनीच चोरांना भीती वाटावी म्हणून लावला होता, आणि नकाशावरून त्याचं बिंग फुटल्याबद्दल त्या सरांशी काही दिवस अंडी मोजावीत तसं मोजून बोलत होत्या.

पण त्या गमतीत एक टिंब असं निघालं की गुक आपल्या बुटाची गोष्ट अर्ध्यावर सोडून गप्प झाला. चढाच्या वरच्या अंगाला जुनी भिंत आहे. तिथली घरं पाडून इमारती उभ्या करायला विरोध असलेले भाडेकरू त्या भिंतीवर आपले फलक लावतात आणि संध्याकाळी तिथेच बसतात. त्या भिंतीसमोर नवाकोरा कॅमेरा होता. कागदोपत्री तो कचऱ्यासाठी होता, पण तिथे कचरा कोणी टाकतच नव्हतं. सरांनी पुन्हा करंगळी टेकवली आणि विचारलं, हा कॅमेरा बघतो काय आणि त्याचं चित्र मागितलं कोणी? बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी लेखी उत्तर आलं की कॅमेऱ्याचा कोन चुकून तिकडे गेला असून तो दुरुस्त करण्यात येईल. दुसऱ्या दिवशी शिडी आली आणि कॅमेरा भिंतीकडे पाठ करून उभा राहिला. भाडेकरूंनी सरांना तांदळाची दारू पाजली. आपल्या करंगळीने सरकारची मान फिरवली, या आनंदात सरांनी कधी नव्हे ते भाषण ठोकलं. आपलं चित्र कोणाकडे आहे आणि त्यात काय आहे हे बघायचा प्रत्येकाला हक्क आहे, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. नागरिक कॅमेरा समिती स्थापन झाली. अध्यक्षपदाला दुसरं नाव सुचलंच नाही.

समितीच्या पहिल्याच बैठकीत गुक उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर वाढदिवसाची भेट लपवणाऱ्या माणसाचं हसू होतं. आपण वाकणं ओळखलं ते चुकलंच, असं त्याने आता ठरवून टाकलं होतं. अध्यक्षांनी सर्वांसाठी एवढं केलं, आणि त्यांच्यावरचा खोटा आळ मात्र त्या खांबावर तसाच. म्हणून समितीतर्फे त्याने परस्पर अर्ज करून टाकला होता की तिठ्यावरचं त्या पहाटेचं चित्रीकरण पुसू नये, पुरावा म्हणून जपून ठेवावं आणि अध्यक्षांना दाखवावं. अर्ज मंजूरही झाला होता, तीस दिवस भरायच्या ऐन आदल्या दिवशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

ते धावत ह्येरिमकडे गेले. अर्ज मागे घ्यायचाय, म्हणाले. चित्रातल्या माणसालाच तो घेता येईल, असं ती म्हणाली, आणि पुन्हा तोच प्रश्न तिच्या ओठांवर येताना पाहून सर तिथूनच परतले.

घरी होंगसुनबाई पालेभाजी निवडत होत्या. समितीची बातमी छॉनबाईंकडून त्यांना आधीच पोचली होती.

"बघायला मीही येणार," त्या म्हणाल्या.

"त्यात बघण्यासारखं काही नाही."

"माझा मासा कसा टाकलात ते मला बघायचंय. लांबून भिरकावलात की जवळ जाऊन टाकलात, एवढंच." त्यांनी एक पिवळं पान बाजूला काढलं. "प्रत्येकाला हक्क आहे ना? भाषणात तुम्हीच म्हणालात. मी मागच्या रांगेत होते."

सरांनी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायला तो क्षण चांगला होता, आणि तो त्यांना कळलाही. पण इतकी वर्षं न बोललेल्या माणसाच्या तोंडाला ते वळण नसतं. ते म्हणाले, "चष्मा घेऊन ये. पडदा लहान असतो."

ठरल्या दिवशी वॉर्ड ऑफिसच्या आतल्या खोलीत चौघं बसले: सर, होंगसुनबाई, समितीचा साक्षीदार म्हणून गुक, आणि यंत्रापाशी ह्येरिम. चित्रात आणखी कोणी असेल तर त्याचा चेहरा झाकावा लागतो, पण तपासता एक मांजर तेवढं निघालं होतं, आणि मांजराच्या संमतीविषयी नियमात काही नव्हतं. ह्येरिमने एक कागद पुढे सरकवला. 'चित्रातील व्यक्ती मीच आहे' याखाली सही केल्याशिवाय पडदा सुरू होणार नव्हता. गुक सरांकडे पाहून धीर देणारं हसला, सही निव्वळ उपचाराची आहे अशा समजुतीने. सरांनी सही केली. वळणदार, फळ्यावर करायचे तशी.

पडद्यावर तिठा उजळला. हिरवी टोपी आली. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, कागद जमिनीवर ठेवला आणि उलगडला. आतला मासा तिरपा पडला होता, त्याने तो दोन्ही हातांनी सरळ केला. मग वाकून त्याने दोऱ्याचा सुटलेला वेढा बोटाने पुन्हा गुंडाळला. फलकावर छापलेलं चित्र हेच होतं. मग म्हाताऱ्याने टोपी काढली, गुडघे टेकले आणि ओल्या रस्त्यावर कपाळ लावून दंडवत घातला. एक, दोन, तीन. तिसऱ्यानंतर उठायला त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला.

गुकचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं.

म्हातारा चार पावलं गेला, आणि त्याने मागे वळून पाहिलं. लगेच त्याने कपाळावर हात मारला. परत आला, टोपी काढली, तिन्ही दंडवत पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निघाला. वाटेत मांजर आलं आणि माशाच्या दिशेने गेलं, त्यामुळे पुन्हा वळावं लागलं. मांजराला हाकललं, पुन्हा गुडघे टेकले. शेवटी त्याने टोपी नाकापर्यंत खाली ओढली, म्हणजे वळावंसं वाटलं तरी काही दिसू नये, आणि आंधळ्यासारखे हात पुढे करून चढ चढू लागला. तिसऱ्या पावलाला खांबावर आपटला. पण वळला नाही. तसाच चाचपडत चित्राबाहेर गेला.

 सर टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत वर्गात एखाद्याला उत्तर येत नसलं की त्याचे कान असे व्हायचे, तेव्हा सर त्याला बसू द्यायचे.

"कपाळाला टेंगूळ होतं त्या दिवशी," होंगसुनबाई हळूच म्हणाल्या. "मला आत नेताना दिसलं होतं. मी विचारलं तर म्हणालात, कपाटाचं दार लागलं." त्यांनी तोंड न फिरवता, सगळ्यांसमोर डोळे पुसले. "मागे वळायचं नसतं हो. ताईने निरोपात सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर परत केलं," सर पुटपुटले.

ह्येरिमने घसा साफ केला. फलक आजच उतरवते, म्हणाली. पण वस्तू रस्त्यावर ठेवली गेली हे चित्रात दिसतंय, तेव्हा दंड तर लावावाच लागेल, आणि नोंदीत कचऱ्याचा प्रकार लिहावा लागेल. ओला म्हणावा तर मासा सुका होता, सुका म्हणावा तर तो खाण्याचा. आणि नाव सरांचं.

"नाव माझं लिही," होंगसुनबाई म्हणाल्या.

"पण टाकलंय तर सरांनी, काकू."

"त्यांनी टाकलं ते माझं संकट होतं. त्यांचं काही नव्हतं त्यात. माझा कचरा, माझा दंड."

ह्येरिमने सरांकडे पाहिलं. आता ते पुरावा मागतील असं तिला वाटलं असावं. सरांनी काही मागितलं नाही. तिने खाली मान घालून नाव लिहिलं.

बाहेर पडल्यावर गुक आपणहून मागे राहिला. दुकानात काम आहे म्हणाला, आणि त्या दिवशी दुकान बंद असतं. दोघं चढाला लागली. तिठ्यावर फलक निघाला होता, खांबाला दोऱ्यांचे तुकडे तेवढे लोंबत होते. ती दोघं खालून जाताच गोड आवाज सुरू झाला, आपलं चित्रीकरण सुरू आहे.

होंगसुनबाई थांबल्या. त्यांनी सरांची टोपी कपाळावरून थोडी मागे सारली आणि त्यांच्या दंडात आपला हात घातला. सोलगोगेत लग्न झालेली माणसं असं चालत नाहीत. सर आधी खिडक्यांकडे आणि मग कॅमेऱ्याकडे बघू लागले.

"घे बाई, नीट घे," होंगसुनबाई वर बघून म्हणाल्या. "आणि या वेळी चेहरा झाकू नको." मग सरांना म्हणाल्या, "चला आता. आणि मागे वळून बघायचं नाही."